वाळवंटात दुपारी पडून कसं राहायचं

मे महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर जरा वेळ उभं राहिलं तरी शर्ट पाठीला चिकटतो. त्याच दिवशी, ठाण्यापेक्षा दहा अंशांनी जास्त तापलेल्या जैसलमेरच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाचा शर्ट कोरडा असतो. आपल्याकडून पहिल्यांदा वाळवंटात जाणाऱ्यांची गल्लत इथूनच सुरू होते. अंग कोरडं आहे, म्हणजे फारसा घाम येत नाहीये, म्हणजे पाणी थोडं कमी प्यायलं तरी चालेल, असा हिशोब डोक्यात आपोआप होतो. प्रत्यक्षात घाम भरपूर येत असतो. तो दिसायच्या आत वाळून जातो, एवढंच.

आमच्या ऐरोलीच्या ट्रेकिंग ग्रुपमधली कॉलेजची मुलं दर उन्हाळ्यात थरच्या वाळवंटाचा विषय काढतात. खरं तर तिकडे ऑक्टोबर ते मार्चमध्ये जावं. पण परीक्षा संपून सुट्ट्या लागतात त्या मे महिन्यात, आणि नोकरदारांच्या रजाही तेव्हाच्याच. मग बेत ठरतो. सह्याद्रीत फिरलेल्या या मुलांना चालायचं कसं हे चांगलं ठाऊक असतं. वाळवंटातल्या मुक्कामात अवघड भाग चालण्याचा नसतो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच हे सहा तास काहीही न करता, पण सुरक्षित, कसे काढायचे हा खरा प्रश्न असतो. त्यासाठी शरीर उष्णतेचं काय करतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

आपलं शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास असतं आणि उन्हाळ्यात त्वचा साधारण ३५ अंशांवर. नुसतं पडून असतानाही शरीर साधारण १०० वॅट इतकी उष्णता तयार करत असतं. वाळूत चालायला लागलं की हा आकडा तिपटीच्या वर जातो. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर आतलं तापमान चढत जातं. हवा २५ अंशांची असेल तर ती थेट हवेत जाते. हवा ३५ च्या वर गेली की गणित उलटं होतं आणि हवाच आपल्याला तापवायला लागते. ४५ अंशांत शरीराकडे उष्णता टाकायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सावलीत पडून असताना शरीराने स्वतः तयार केलेली उष्णता घालवायला तासाला १५० मिलिलिटरच्या आसपास घाम पुरतो. उन्हात बसलं की सूर्याची, वाळूची आणि गरम हवेची उष्णता त्यात मिळते आणि घाम कितीतरी पटींनी वाढतो. उन्हात चालणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गमावतो.

यातला ‘वाळला तर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टपकून जमिनीवर पडलेला घाम काहीही थंड करत नाही. आपल्याकडे खाडी आणि समुद्र जवळ असल्यामुळे हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळायला जागाच नसते. विदर्भातून बदली होऊन आलेल्या घरांत हे हमखास पाहायला मिळतं. नागपूरला ज्या कूलरसमोर रात्री चादर ओढून झोपावं लागायचं, तोच वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घणसोलीच्या फ्लॅटमध्ये लावला की खोली गार होत नाही, उशी मात्र ओलसर होते. कूलर बिघडलेला नसतो. त्याला कोरडी हवा लागते आणि ती इथे नसते.

हा फरक मोजायची एक जुनी पद्धत आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं, त्यावरून वारा जाऊ द्यायचा आणि पारा किती खाली उतरतो ते पाहायचं. त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घामाने जास्तीत जास्त किती थंड होता येईल, त्याची ती सीमा. ठाण्यात ३४ अंश आणि ६५ टक्के दमटपणा असेल तर हा आकडा २८ च्या थोडा वर येतो. जैसलमेरला ४५ अंश आणि १० टक्के दमटपणा असेल तर तो २१ च्या आसपास उतरतो. म्हणजे वाळवंटात ओलं फडकं खरोखर गार होतं. ही तिथली सगळ्यात मोठी सोय, आणि वाळवंटातली विश्रांती उभी आहे ती हिच्याच जोरावर.

यावरून कोरडी उष्णता निर्धोक असते असं मात्र समजू नका. वेट बल्ब ३५ अंशांवर गेलं की निरोगी माणूसही सावलीत फार तास तगू शकत नाही, ही सैद्धांतिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. २०२२ मध्ये आलेल्या त्या निकालांत दमट हवेतली मर्यादा ३१ च्या आसपास निघाली, आणि कोरड्या, फार गरम हवेत तर त्याहूनही खाली, २५ ते २८ अंशांच्या दरम्यान. कारण घामाच्या ग्रंथींनाही मर्यादा आहे. हवा कितीही घाम वाळवायला तयार असली तरी शरीर एका वेगापलीकडे घाम देऊच शकत नाही. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, चुरूला १ जून २०१९ रोजी ५०.८. अशा दिवशी उघड्यावर काढलेली दुपार कुणालाही झेपणारी नाही. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा लाल इशारा दिला असेल तर तंबूचा मुक्काम रद्द करून पक्क्या भिंतींच्या खोलीत जावं. माझं हे मत पक्कं आहे आणि ग्रुपमध्ये मी त्यावर तडजोड करत नाही.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्या मैदानात तासन् तास बसून होती. जवळच्या केंद्रावर त्या दिवशीचं कमाल तापमान ३८ अंश होतं. वाळवंटाच्या मानाने हा आकडा मोठा नाही. तरीही उष्माघाताने १४ माणसं गेली. ती माणसं डोंगर चढत नव्हती, ओझी वाहत नव्हती. बसलेली होती. उन्हात बसून राहण्याने शरीराला विसावा मिळत नाही, हे आपण नवी मुंबईकरांनी फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. त्वचेला थंड करण्यासाठी हृदय रक्त बाहेरच्या बाजूला फेकत राहतं, ठोके वाढतात, घामावाटे पाणी जात राहतं. माणूस शांत बसलेला दिसतो आणि आत त्याचं हृदय राबत असतं. विश्रांती तेव्हाच, जेव्हा शरीरावर येणारी उष्णता आपण आधी तोडलेली असते.

ती तोडायची सुरुवात सावलीपासून. आणि इथे तंबूचा उपयोग नाही. नायलॉनचा तंबू ऊन आत घेतो, गरम झालेली हवा कोंडून ठेवतो, आणि दुपारी आतलं तापमान बाहेरच्याही वर जातं. तंबू रात्रीसाठी ठेवायचा. दुपारसाठी चारही बाजूंनी वारा जाईल असं उघडं छत हवं, आणि ते दुहेरी हवं.

दुहेरी का, ते मुलांना समजावून सांगण्यापेक्षा आम्ही कळव्याच्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर दाखवतो. पावसाळ्यात घराघरांत निघते ती निळी ताडपत्री दुपारी एक वाजता चार काठ्यांवर बांधायची आणि खाली बसायचं. ऊन अडतं, तरी दहा मिनिटांत टाळू तापायला लागते. वर हात नेला तर ताडपत्रीला न टेकवताही तळव्याला धग जाणवते. ताडपत्री स्वतः तापलेली असते आणि ती धग खाली सोडत असते. मग तिच्याखाली वीतभर अंतर ठेवून एक जुनी पांढरी चादर ताणून बांधायची. ताडपत्रीची धग चादर अडवते, मधल्या फटीतून वारा गरम हवा काढून नेतो, आणि टाळूवरचा ताप लगेच उतरतो. एकदा हा फरक स्वतःच्या डोक्यावर अनुभवला की पुढे कुणी चादर घरी विसरत नाही. वरच्या थरासाठी चंदेरी मुलामा असलेलं कापड मिळालं तर आणखी चांगलं, चंदेरी बाजू आकाशाकडे करून.

छत बांधताना सूर्य कुठे जाणार आहे ते आधी पाहायचं. जैसलमेर साधारण २७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्यात बाराच्या सुमाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली छताच्या बरोबर खाली पडते. नंतर सूर्य पश्चिमेकडे कलतो आणि सावली पूर्वेकडे सरकत जाते. हवा सर्वांत जास्त तापते तीन-चारच्या सुमाराला. नेमकं तेव्हाच पश्चिमेचं तिरपं ऊन छताखाली घुसतं. म्हणून पश्चिमेची बाजू सुरुवातीलाच खाली ओढून बांधायची. मे-जूनमध्ये तिथे नैऋत्येचा वारा असतो आणि अचानक आंधी येते. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. पोत्यात वाळू भरून, त्याला दोरी बांधून ते पोतं हातभर खोल पुरायचं. ते धरून ठेवतं.

सावली झाली, आता जमीन. भर दुपारी उघडी वाळू ६०-७० अंशांपर्यंत तापते. तिला लागून असलेली हवाही तशीच. म्हणूनच राजस्थानात दारोदारी चारपाई दिसते. आपली बाज तीच. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, खालून वारा, आणि विणीतून पाठीचा घाम वाळायला वाट. बाज मिळाली तर दुसरं काही शोधू नका. नाही मिळाली तर घडीची खाट न्या. तीही नसेल तर छत सकाळी लवकर, वाळू तापायच्या आत बांधायचं म्हणजे खालची वाळू तापणारच नाही, आणि वरचा थर फावड्याने बाजूला करून खालच्या थंड वाळूवर जाड सतरंजी घालायची. वाळू उष्णता खाली फार हळू पोचवते, त्यामुळे हातभर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळपास पोचतच नाही.

सावली तुमच्याआधी दुसऱ्यांनीही शोधलेली असते. थरमध्ये विंचू आहेत, आणि आपल्या कोकणातलं फुरसं तिथेही आहे. झुडपाच्या बुंध्याशी हात घालायचा नाही, बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

“काका, मग अंगावरचे कपडे काढून पडलं तर?” हा प्रश्न दर वेळी येतो. ठाण्यात उकडलं की आपण बनियनवर येतो, पंख्याखाली बसतो, आणि इथे ते बरोबर आहे, कारण हवा त्वचेपेक्षा थंड असते आणि अडचण असते ती घाम वाळण्याची. वाळवंटात हवा त्वचेपेक्षा गरम असते. उघड्या अंगावर ती उष्णता सरळ येते, आणि घाम इतक्या भरकन वाळतो की पाणी वाया जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अडॉल्फ या शरीरशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर या विषयाचा सविस्तर अभ्यास केला. उन्हात उघड्या अंगाने बसलेल्या माणसापेक्षा कपडे घातलेल्या माणसाचं पाणी कमी जातं, हे त्यातून स्पष्ट झालं. तेव्हा पूर्ण बाह्यांचा, सैलसर, सुती सदरा आणि सैल पायजमा. रंगाची फार चिंता करू नका. इस्रायलमधल्या संशोधकांनी बेदुइन या वाळवंटात राहणाऱ्या भटक्या लोकांच्या काळ्या झग्यांवर केलेला अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो हे खरं, पण तो सैल असेल तर आतून वाहणारी हवा ती जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोचू देत नाही, असं त्यात दिसलं. महत्त्व सैलपणाला आहे.

लू वाहायला लागली की वाऱ्याकडे तोंड करून बसायचं नाही. ४५ अंशांचा वारा कोरड्या अंगाला तापवतो. ओल्या कापडातून मात्र तोच वारा गार होऊन येतो. एक सुती पंचा ओला करून मान, डोकं आणि छातीवर ठेवायचा, आणि वाऱ्याच्या बाजूला एक ओली चादर टांगायची. थरमध्ये बऱ्याच ठिकाणी जमिनीतलं पाणी खारं असतं. ते प्यायचं नाही, पण पंचा भिजवायला ते उत्तम. प्यायच्या पाण्यातलं एक भांडंही त्यासाठी खर्चू नका. घरी, कळवा-मुंब्र्याच्या दमट दुपारी, हीच ओली चादर खिडकीला लावाल तर खोली आणखी कोंदट होईल, एवढं लक्षात ठेवा.

पाण्याबद्दल अडॉल्फच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणसाला तहान लागते ती पाणी पुष्कळ कमी झाल्यावर, आणि तहान भागली असं वाटून तो थांबतो तेव्हाही तूट भरलेली नसते. पाणी समोर ठेवलेलं असूनही सैनिक कमीच पीत होते. आणि पाणी पुरवून पुरवून प्यायल्याने घाम कमी होत नाही. शरीर घाम देतच राहतं, फक्त तो रक्तातल्या पाण्यातून देतं. वाचवायचा असेल तर घाम वाचवायचा, सावलीत स्थिर राहून. पाणी प्यायचं.

किती? अशा उन्हाळ्यात दिवसभर सावलीत पडून राहणाऱ्या मोठ्या माणसाला पाच-सहा लिटर धरून चाला. चालणार असाल तर त्याच्या दुप्पट. एका दमात ढोसू नका. दर वीस मिनिटांनी अर्धा पेला, तहान असो वा नसो. तासाला दीड लिटरच्या वर गेलं की उलट धोका सुरू होतो, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं. त्यातही डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. म्हणून मीठ हवंच. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजून घाला, अंदाजाने नको. ताक, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं, घरचं कोकम सरबत, जे पोटाला रुचेल ते. तिकडे छाछ जागोजाग मिळते. दुपारी भरपेट जेवण टाळायचं, कारण पचनानेही उष्णता वाढते. जेवण सकाळी नऊच्या आत आणि मग रात्री. दारू तर अजिबात नको. ती लघवीवाटे पाणी काढते आणि स्वतःची अवस्था ओळखायची शुद्धही घालवते.

वेळ घड्याळाने पाळायची, अंगाला काय वाटतं त्यावरून नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडची जी मंडळी दुबईला साइटवर आहेत त्यांना हे ठाऊक असेल. मजुरांसाठी जो नियम लागतो तो हौशी माणसालाही लागू आहे, उलट जास्तच. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. चार दिवसांच्या सहलीत ही सवय होत नाही. एसीच्या ऑफिसातून उठून गेलेल्यांची तर सुरुवातच शून्यापासून होते.

दुपारी झोप लागली तर झोपा. पण सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही. झोपलेला माणूस पाणी पीत नाही, आणि सावली सरकून अंगावर ऊन आलं तरी त्याला पत्ता लागत नाही. आमच्याकडे तासातासाने एक जण जागा राहतो. तो बाकीच्यांना उठवून पाणी पाजतो, प्रत्येकाला एखादा साधा प्रश्न विचारतो आणि उत्तर नीट येतंय का पाहतो. बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या यांनी उष्णता सहन करायची ताकद कमी होते. ज्यांना त्या चालू आहेत त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचं. मनाने बंद करायच्या नाहीत. साठीच्या पुढची माणसं, लहान मुलं, गरोदर बायका यांना मे महिन्यातल्या अशा मुक्कामाला नेऊच नये.

चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, मळमळ ही पहिली पायरी. आडवं करा, पाय वर ठेवा, ओआरएस द्या, अंग ओलं करून वारा घाला. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, ओळख विसरला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. अंग कोरडं आहे की ओलं, यावरून ठरवत बसू नका. मेंदू गोंधळला हीच खूण. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत थांबू नका. शहरापासून चाळीस किलोमीटरवरच्या वाळूत मदत यायला वेळ लागतो आणि त्या वेळातच सगळं ठरतं. कपडे काढा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, सगळ्यांनी मिळून जोरात वारा घाला. कोरड्या हवेत हा उपाय फार वेगाने काम करतो. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटॅमॉल देऊ नका, हा ताप त्या प्रकारचा नाही. आधी थंड करायचं, हलवायचं नंतर.

पाचच्या सुमाराला ऊन मऊ होतं आणि मुलं सामान बांधायची घाई करतात. त्याआधी एक विचारणा करायची, संकोच न करता, मुलींना ग्रुपमधल्या एखाद्या ताईकरवी: दुपारपासून लघवीला कोण गेलं नाही? गेलेल्यांची पिवळी धमक होती का? ज्याचं उत्तर वाईट असेल, तो ओआरएस घेत तिथेच बाजेवर पडून राहील, आणि त्याची लघवी पुन्हा फिकट होईपर्यंत बाकीचेही चालायला निघणार नाहीत.